विजेचा बंब, त्याची तार आणि त्याचा ब्रेकर

आमच्या वयाच्या वाचकांना न्हाणीघराच्या कोपऱ्यातील तांब्याचा बंब आठवत असेलच. त्याच्या पोटातील नळकांड्यात करवंट्या, शेंगांची टरफले, गोवऱ्यांचे तुकडे टाकावेत, फुंकणीने फुंकावे आणि घरातील पंधरा माणसांची स्नाने उरकावीत. त्या बंबाचा एक मोठा गुण असा होता की, त्याचा विस्तव कोठे आहे हे डोळ्यांना दिसत असे. विजेच्या बंबाचे तसे नाही. त्याचा एक विस्तव टाकीत असतो आणि तो आपणांस हवाच असतो. परंतु त्याचा दुसरा, धाकटा विस्तव भिंतीच्या आत, तारेत असतो. तो आपण मागितलेला नसतो, तो दिसत नाही, आणि त्याची मोजदाद न करता मोठा तापक बसविला तर तो केव्हा थोरला होईल हे कळतही नाही. या दुसऱ्या विस्तवासंबंधी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

हा विषय कुटुंबवत्सल मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर सोपे आहे. पूर्वी दुकान बाजारात व घर गल्लीत असे. आता आमच्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट या जुन्या वस्त्यांत कितीतरी एकत्र कुटुंबांनी वाड्याचा तळमजला व्यवसायास दिला आहे. कोठे खाणावळ, कोठे वेरूळ-अजिंठ्यास जाणाऱ्या प्रवाशांसाठी खोल्या, कोठे मुलींचे वसतिगृह, कोठे लहानसे मंगल कार्यालय. खाली धंदा आणि वर बिऱ्हाड, अशी ही व्यवस्था. तेथे बसणारा गिझर घरगुती तीन किलोवॅटचा नसून नऊ, बारा, प्रसंगी अठरा किलोवॅटचा असतो. पण भिंतीतील तार मात्र पुष्कळदा आजोबांच्या वेळची. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे आमच्याच शहरात छावणी भागातील एका शिवणकामाच्या दुकानास आग लागली आणि वरच्या मजल्यावर निजलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा धुराने गुदमरून अंत झाला. त्या आगीचे कारण काहीही असो, तिचा संबंध आमच्या विषयाशी जोडण्याचा आमचा हेतू नाही. खाली आग लागली असता वर निजलेल्यांस किती थोडा अवधी मिळतो, एवढेच तीवरून ध्यानात घ्यावयाचे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात उभा राहिला. वाडा तीन मजली. तळाशी खाणावळ, मधल्या मजल्यावर प्रवाशांच्या दहा खोल्या, वर तीन भावांची बिऱ्हाडे. गच्चीवर बारा किलोवॅटचा थ्री-फेज गिझर नुकताच बसविलेला. थोरले बंधू, ज्यांना सारा वाडा अण्णा म्हणतो, एके दिवशी आम्हांस म्हणाले, "मास्तर, तो वीस अँपिअरचा ब्रेकर रोज सकाळी पडतो. पाहुणे डोक्याला साबण लावून ओरडत बसतात. वायरमन म्हणतो, चाळीसचा बसवतो, पुन्हा म्हणून पडायचा नाही. बसवू का?"

"पुन्हा पडायचा नाही" हे वायरमनचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि भय नेमके तेथेच होते.

ब्रेकर हा गिझरचा राखणदार आहे, अशी सामान्य समजूत असते. कित्येकांस तो माणसाचा राखणदार वाटतो. वास्तविक तो तारेचा राखणदार आहे. गिझरच्या पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. माणसाला झटका बसू नये म्हणून निराळे साधन असते, त्याविषयी पुढे सांगू. ब्रेकरचे काम एवढेच की, तारेला सोसेल त्याहून अधिक प्रवाह तीतून फार वेळ वाहू द्यावयाचा नाही. यास्तव ब्रेकरचा आकडा तारेकडे पाहून ठरवावयाचा असतो. तार तीच ठेवून ब्रेकर तेवढा मोठा करणे म्हणजे मुलाचा ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देण्यासारखे आहे. आमच्या लहानपणी चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये वितळतारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग असत. चाळीसचा ब्रेकर सुचविणारे त्यांचेच वंशज होत. फक्त त्यांचे काम दिसावयास अधिक नीटनेटके असते.

आता हिशेब पाहू. तो इंग्रजी सातवीच्या मुलास येईल इतका सोपा आहे. एका फेजवरील तापकाचा प्रवाह काढावयाचा तर त्याच्या वॅटला २३० व्होल्टने भागावे. तीन किलोवॅटचा घरगुती गिझर ३००० भागिले २३०, म्हणजे सुमारे १३ अँपिअर घेतो. म्हणून तो सोळा अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. सहा किलोवॅटचा एका फेजवर २६ अँपिअर घेईल; त्याला ते सॉकेट मुळीच चालणार नाही. तीन फेजवर भार वाटला जातो. तेथे वॅटला ४०० ने व पुन्हा तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने, भागावे. बारा किलोवॅटला प्रत्येक फेजमध्ये सुमारे १७.३ अँपिअर येतात. अठरा किलोवॅटला २६.

येथे एक बारकावा आहे. तापकाच्या कॉइलचा रोध जवळजवळ ठरलेला असतो. म्हणून दाब वाढला की प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो, आणि उष्णता तर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. शहर निजलेले असते तेव्हा तारांवरील भार कमी असल्याने पहाटे दाब पुष्कळदा दिवसापेक्षा चढा असतो, आणि गिझर चालतो तो पहाटेच! २३० च्या जागी २४५ व्होल्ट आले तर १७.३ चे १८.४ अँपिअर होतात. त्यातच हे यंत्र पंख्यासारखे आले-गेले नव्हे; एकदा सुरू झाले की दीड-दोन तास पूर्ण भाराने चालते. अमेरिकेतील नियमांत अशा सतत चालणाऱ्या भारासाठी तार व ब्रेकर सव्वापट प्रवाहाचे धरावेत असे सांगितले आहे. आपल्याकडील रीत थोडी निराळी असली तरी सव्वापटीचा तो आडाखा आम्हांस शहाणपणाचा वाटतो. १७.३ ची सव्वापट २१.६. ब्रेकर तयार मिळतात ते १६, २०, २५, ३२, ४०, ५०, ६३ अशा आकड्यांचे; म्हणून अण्णांच्या गिझरला २५ चा ब्रेकर योग्य. वीसचा अगदीच बेताचा होता, हे वायरमनचे अनुमान चुकीचे नव्हते. त्याने उत्तर तेवढे चुकीचे काढले.

पण २५ चा ब्रेकर बसवावयाचा तर तार निदान २५ अँपिअर सोसणारी हवी, आणि खरा घोळ येथेच होता. वाड्यात जिन्याच्या भिंतीतून गच्चीपर्यंत चार एमएमची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार होती. कोष्टकात पाहिले तर पीव्हीसी वेष्टनाची अशी तार नळीतून नेली असता तीन फेजसाठी २८ अँपिअर वाहते असे दिसते. २८ पंचविसाहून मोठे, म्हणजे झाले, असे कोणीही म्हणेल. परंतु ते कोष्टक ३० अंश सेल्सिअस उष्णतेसाठी आहे, आणि मराठवाड्याच्या वैशाखात पश्चिमेची उन्हाने भाजलेली भिंत ३० अंशांवर राहत नाही. तारेचे वेष्टन ७० अंशांपर्यंत टिकते. भोवतालची हवाच ४५ अंश असेल तर तारेला स्वतःची उष्णता वाढविण्यास उरतात अवघे २५ अंश. म्हणून ४५ अंशांना कोष्टकातील आकडा ०.७९ ने गुणावा लागतो. २८ चे २२ झाले. पुढे असे आढळले की, त्याच नळीतून पाण्याच्या पंपाच्या आणि एका वातानुकूलन यंत्राच्या तारा गेल्या आहेत. तीन मंडले एका नळीत दाटली की ती एकमेकांस तापवितात, आणि त्यासाठी पुन्हा ०.७ ने गुणावे लागते. २२ चे उरले साडेपंधरा!

म्हणजे तिन्ही यंत्रे एकदम चालू असताना जी तार साडेपंधरा अँपिअरची होती, तीतून १८ वाहत होते. चाळीसचा ब्रेकर तिच्या डोक्यावर बसविला असता तर काय झाले असते? पुष्कळांची समजूत अशी की, चाळीसचा ब्रेकर एक्केचाळिसाव्या अँपिअरला पडतो. तसे नाही. आय.एस./आय.ई.सी. ६०८९८ या प्रमाणाप्रमाणे असा ब्रेकर आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहावर एक तासाच्या आत पडता कामा नये, आणि १.४५ पट प्रवाहावर एक तासाच्या आत पडलाच पाहिजे. चाळिसाची १.४५ पट ५८. याचा अर्थ, पन्नासाच्या वर प्रवाह वाहिला तरी तो ब्रेकर बराच वेळ स्वस्थ राहू शकतो, आणि ते त्याच्या धर्मास धरूनच होय. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हा जूलने १८४१ साली मांडलेला नियम शाळेत सर्वांनी घोकलेला आहे. प्रवाह दुप्पट तर ताप चौपट, तिप्पट तर नऊपट.

यावर कोणी तार्किक विचारील की, गिझर तर अठराच अँपिअर घेणार. ब्रेकर चाळीसचा असला म्हणून त्याने अधिक थोडेच घेतले असते? शंका रास्त आहे. म्हणूनच मोठा ब्रेकर बसविल्यावर पुष्कळ दिवस काहीच घडत नाही आणि वायरमनची कीर्ती वाढते. परंतु तार तापतच असते. वेष्टन कायम आठ-दहा अंश अधिक तापले की त्याचे आयुष्य अर्ध्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ते कडक होते, तडकते. पुढे कधीतरी गच्चीवर मंडप पडतो, आचारी त्याच तारेवरून आणखी एक तापक जोडून घेतो, आणि १८ चे ३५ होतात. वीसच्या ब्रेकरने ते काही मिनिटांत तोडले असते. चाळीसचा ते आपल्या मर्यादेत आहेत असे समजून रात्रभर पाहत बसेल.

आमच्या शहरास हा न्याय नवा नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डोंगरातील पाणी भूमिगत नहरींनी या नगरात आणले. नळ अमुक पाण्यासाठी बांधला तर त्यातून तेवढेच पाणी न्यावे. पुढे हौद वाढविले म्हणून जुन्या नळाच्या पोटात अधिक पाणी मावू लागत नाही. पाण्याचा नळ निदान पाझरून तरी सांगतो. तार सांगत नाही.

अण्णांच्या धाकट्या सूनबाई येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत शाखेची पदवी घेतलेल्या आहेत. घरात पदवीधर अभियंता असताना बारा किलोवॅटचे यंत्र विकत घेताना तिला कोणी विचारले नाही, ही आमच्या एकत्र कुटुंबांची जुनीच खोड. तिच्यावर निराळा लेख लिहावा लागेल. असो. सूनबाईंनी क्लॅम्प मीटर आणून तिन्ही फेज मोजले. कोठे १८, कोठे साडेअठरा. मग बोर्ड उघडविला. तो खाणावळीच्या चुलीच्या वरच, हातभर अंतरावर! ब्रेकरचा आकडा हाही ३० अंशांसाठीच असतो. पेटी ५० अंशांपर्यंत तापली आणि ब्रेकर एकास एक चिकटून बसविलेले असले की वीसचा ब्रेकर सतरा-अठरालाच पडू लागतो. शिवाय एका फेजचा स्क्रू ढिला होता. ढिल्या सांध्यात उष्णता होते, ती ब्रेकरमध्ये शिरते, आणि तो बिचारा भार वाढला असे समजून पडतो. त्या सांध्याजवळचे वेष्टन तपकिरी पडले होते. हे पाहिल्यावर अण्णा काही वेळ बोलले नाहीत.

वारंवार पडणारा ब्रेकर मिळाल्यास या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात: प्रत्यक्ष प्रवाह किती, पेटी कोठे बसविली आहे, सांधे घट्ट आहेत की नाहीत. चौथी एक आहे, ती नव्या गिझरपुरती. तीन फेजच्या तापकात बहुधा तीन कॉइल असतात आणि त्या २३० व्होल्टच्या असतील तर स्टार पद्धतीने जोडावयाच्या असतात. त्याच चुकून डेल्टा पद्धतीने जोडल्या तर प्रत्येकीवर ४०० व्होल्ट पडतात आणि बारा किलोवॅटचे यंत्र छत्तीस किलोवॅट घेऊ पाहते. अंगावरील पाटी वाचल्याशिवाय जोडणी करू देऊ नये. कॉइलवर क्षार साचण्याविषयीही पुष्कळजण विचारतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या कॉइलवर चुन्याचा थर बसतोच; त्याने प्रवाह वाढत नाही, पाणी तापण्यास उशीर लागतो, कॉइल मात्र आतून जळते. तो निराळा रोग आहे.

उपाय काय केला? जुनी तार गिझरकरिता सोडून दिली. सहा एमएमची नवी तांब्याची तार स्वतःच्या निराळ्या नळीतून नेली. सहाचा कोष्टकातील आकडा ३६. ४५ अंशांसाठी ०.७९ ने गुणून २८.४. पंचवीसच्या ब्रेकरला ती पुरून उरते. हीच सहाची तार दुसऱ्या एका मंडलाबरोबर जुन्या नळीत कोंबली असती तर ०.८ ने गुणून २२.७ झाली असती, म्हणजे पुन्हा अपुरी. मग दहाची घ्यावी लागली असती. नळीचा खर्च वाचवू पाहणाऱ्यांनी हे गणित करून पाहावे. बोर्ड चुलीवरून काढून मागच्या पडवीत, सावलीत नेला. तापकाच्या कॉइलला मोटारीसारखा सुरुवातीचा झटका नसतो, त्यामुळे बी अथवा सी या वर्गाचा साधा ब्रेकर पुरतो. फक्त तो तिन्ही फेज एकदम तोडणारा हवा.

आणि माणसांसाठी आरसीसीबी. हा शब्द हल्ली दुकानात सर्वांस ठाऊक आहे, परंतु ब्रेकर असला की याची गरज नाही असे समजणारे सुशिक्षितही आम्ही पाहिले आहेत. पंचवीस अँपिअर म्हणजे पंचवीस हजार मिलिअँपिअर. आणि ओल्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाचा प्राण जाण्यास त्याचा आठशेवा हिस्साही भयंकर ठरू शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअर गळती होताच तोडणारे हे साधन स्नानगृहाच्या प्रत्येक तापकाला हवे. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही हे पाहावे. अर्थिंगची तार फेजच्या तारेइतकीच जाड घालावी. ती बारीक घालण्याची काटकसर आमच्याकडे फार बोकाळली आहे. जुन्या वाड्यात अॅल्युमिनिअमच्या तारा असतील तर वरील आकडे त्यांना लावू नयेत. त्या त्याच जाडीला सुमारे पाऊणपटच प्रवाह वाहतात, आणि तांब्याला नुसत्या पिळून जोडल्या तर सांधे हमखास ढिले पडतात.

हे सर्व काम अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावयाचे, आणि त्याआधी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावयाचा. आमचा लेख वाचून कोणी स्वतः पेटी उघडावी असा आमचा मुळीच उद्देश नाही. त्याने काम नीट केले की नाही हे घरच्या माणसाला विचारता यावे, एवढ्यासाठी हे आकडे दिले आहेत. "तार किती एमएमची? नळीत आणखी काय आहे? ब्रेकर तारेपेक्षा लहान आहे ना?" एवढे तीन प्रश्न घरातील कोणत्याही गृहिणीने विचारले तरी पुष्कळ ठेकेदार सावरून बसतात.

आता मूळ खरेदीविषयी. बारा किलोवॅट हवेच होते काय? दहा खोल्यांतून चोवीस पाहुणे धरा. प्रत्येकी साठ अंशांचे पंधरा लिटर, म्हणजे ३६० लिटर. टाकीतील पाणी वीस अंशांचे असेल तर ते चाळीस अंश चढवावयाचे. एक युनिट वीज ८६० किलोकॅलरी उष्णता देते. १४,४०० भागिले ८६०, सुमारे पावणेसतरा युनिटे. बारा किलोवॅटचा तापक हे दीड तासाच्या आत करील. सहाचा करील तोच पावणेतीन तासांत. म्हणजे चारशे-पाचशे लिटरची चांगली वेष्टित टाकी घेऊन पहाटे तीनला सहा किलोवॅटचा तापक सुरू केला असता तर पाहुण्यांना काहीच कमी पडले नसते. युनिटे तीच लागली असती आणि तारेतून वाहिले असते अवघे ८.७ अँपिअर. तांब्याच्या बंबाचे हेच तंत्र होते: भांडे मोठे, विस्तव बेताचा, आणि उठावयाचे लवकर. दुकानदार मात्र लहान टाकी व मोठा तापक विकतो, कारण गिऱ्हाइकाला "चटकन" हा शब्द आवडतो.

अण्णांनी यंत्र बदलले नाही. पैसे गुंतले होते. नव्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूस सूनबाईंनी स्वच्छ मराठीत एक कागद चिकटविला आहे: गिझर १२ किलोवॅट, प्रवाह १८, ब्रेकर २५, तार ६, नळी स्वतंत्र, काम केल्याची तारीख, ठेकेदाराचा अनुज्ञप्ती क्रमांक. खाली तांबड्या शाईने एक ओळ आहे, ती खास मंडपवाल्यांसाठी: येथून दुसरी जोडणी घेऊ नये. गच्चीवर सौर तापक बसवून सहा किलोवॅटच्या दोन कॉइल पुरतात काय, याचा हिशेब सध्या त्यांच्या घरी चालू आहे. मधल्या भावाचा त्याला विरोध आहे, कारण त्या जागेवर त्यांची तुळस आणि कढीलिंबाच्या कुंड्या आहेत.